मर्सिंगला जायचं ठरलं

पांडुरंगराव भोईट्यांनी अख्खी हयात जहाजांवर काढली, तीन महासागर ओलांडले, आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

ही गोष्ट त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांनी लपवून ठेवली होती असंही नाही. कुणी कधी विचारलंच नाही. सुताराला कुणी विचारतं का, की बाबा, तुला खुर्चीत बसता येतं ना? तसंच ते. मरीन इंजिनिअर म्हटल्यावर माणूस माशासारखा पोहत असणार, हे लोक मनातल्या मनात ठरवून टाकत आणि पांडुरंगराव ते खोडून काढायच्या भानगडीत पडत नसत.

हे असंच सुखाने चाललं असतं. पण मार्चमधल्या एका रविवारी त्यांच्या सात वर्षांच्या नातीने, ऋताने, जेवता जेवता जाहीर केलं, "जून हॉलिडेजमध्ये आजोबा विल टीच मी स्विमिंग. इन द रिअल सी. आय टोल्ड माय होल क्लास ऑलरेडी."

पांडुरंगरावांना ठसका लागला. आमटीत तिखट जास्त झालंय असं ते म्हणाले.

दर रविवारी त्यांची मुलगी उत्कर्षा, जावई मंदार आणि ऋता पुंगोलहून, शहरातल्या आपल्या उपनगरातून, पासिर रिसला त्यांच्या फ्लॅटवर जेवायला येत. पांडुरंगरावांनी सहा वर्षांपूर्वी जहाज सोडून या परक्या देशात, तुआसला, जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी धरली होती. मुलगी-जावई आधीपासून इथेच. मंदार पुण्याचा, आयटीतला. कुठलीही गोष्ट लॅपटॉपवर रंगीत चौकटींमध्ये मांडल्याशिवाय ती खरी आहे यावर त्याचा विश्वास बसत नसे.

"मस्त आयडिया आहे," मंदार म्हणाला. "बाबा, मर्सिंगला जाऊ या. सीमेपलीकडे, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. छोटंसं गाव, कोळ्यांच्या होड्या, आणि गावाबाहेर लांबच्या लांब किनारा. माझ्या ऑफिसातला एक जण दरवर्षी जातो. गाडी घेऊन गेलो तर जेवायच्या वेळेपर्यंत पोचतो."

"जूनमध्ये तिकडे पाऊस असेल," पांडुरंगराव म्हणाले.

"नाही बाबा. त्या किनाऱ्याला पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनमध्ये समुद्र अगदी तळ्यासारखा असतो."

"जेलीफिश असतात."

"व्हिनेगर घेऊन जाऊ," उत्कर्षा म्हणाली.

"एवढ्या लांब कशाला? आपल्या पासिर रिसला समुद्र आहेच की. इथून चालत जाता येतं."

"बाबा, तिथे उभं राहिलं की जहाजं दिसतात. समुद्र दिसतो कुठे?"

"मग सेंतोसा बेटावर?"

"सेंतोसा सँड इज फेक लाह, आजोबा," ऋता इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली आणि विषय संपला.

मग मंदारने फोनवरच नोंदी करायला सुरुवात केली. कुठे थांबायचं, काय न्यायचं. "आईंसाठी सावलीत खुर्ची," तो म्हणाला. "आणि मोठी छत्री. आई, तुम्हाला पुस्तक वाचायला छान वेळ मिळेल."

"आणि आई, तू पाण्याजवळ जाऊ नकोस हं उगाच," उत्कर्षा म्हणाली. "लाट आली की पायाखालची वाळू सरकते. पडशील."

उत्कर्षाची आई, जयवंतीबाई, भात वाढत होत्या. "बघू की," त्या म्हणाल्या आणि पांडुरंगरावांच्या ताटाकडे वळल्या. "अहो, तुम्ही का थांबलात? भात घ्या ना."

त्या दुपारी पांडुरंगराव आडवे झाले खरे, पण डोळा काही लागेना.

आता हा माणूस पोहायला शिकला कसा नाही, हे सांगितलं पाहिजे. पांडुरंगराव दहिवडीकडचे, माणदेशातले. त्यांच्या लहानपणी गावातल्या नदीत वर्षातून चार दिवस पाणी असे आणि ते बघायला लोक काठावर गर्दी करत. एरवी पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चकाकणारी एक टिकली. शिकून ते जहाजावर लागले ते थेट इंजिनाच्या खोलीत. लोकांना वाटतं, जहाजावरचा माणूस सदा कठड्याला टेकून क्षितिजाकडे बघत असतो. इंजिन रूममध्ये समुद्र दिसत नाही. तिथे उकाडा असतो, तेलाचा वास असतो आणि असा आवाज असतो की शेजारचा माणूस ओठ हलवताना दिसतो फक्त. समुद्र असतो तो पोलादाच्या पत्र्यापलीकडे, आणि त्याने तिथेच राहावं यासाठी तर इंजिनिअरला पगार. एकदा बिस्केच्या आखातात समुद्राचं पाणी ओढणारा एक पाइप फुटला होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून पांडुरंगरावांनी तो बंद केला होता. तेव्हापासून मोठं पाणी म्हटलं की त्यांच्या पोटऱ्या आपोआप आवळत. ट्रेनिंगच्या वेळी हौदात उडी मारावी लागली होती, पण ती लाइफजॅकेट घालून. जॅकेट तरंगलं आणि त्याच्यासोबत तेही तरंगले. सर्टिफिकेट मिळालं.

आणि आता नातीने वर्गभर दवंडी पिटली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी पाठदुखीचं निमित्त करून बघितलं. त्याच्या पुढच्या रविवारी पासपोर्टचं. जयवंतीबाईंनी कपाटातून पासपोर्ट आणून समोर ठेवला. पुढची चांगली सात वर्षं त्याला काही होत नव्हतं. मंदारने मर्सिंगच्या किनाऱ्यावर एका मलय बाईंच्या लाकडी घरातल्या दोन खोल्या आगाऊ सांगून टाकल्या. ऋताने आजोबांचं चित्र काढून फ्रिजवर लावलं. चित्रात आजोबांना खांद्यावरून निघालेले चार हात होते.

"इतके हात कशाला गं?" त्यांनी विचारलं.

"बीकॉज यू स्विम व्हेरी फास्ट मा!"

त्या चित्राने ठिणगी टाकली. पांडुरंगरावांनी ठरवून टाकलं की शिकायचंच. उतारवयात का होईना, पण शिकायचं.

"शनिवारी यार्डात जावं लागणार आहे," त्यांनी घरी सांगितलं. "ओव्हरटाइम. एक टँकर आलाय दुरुस्तीला."

"बरं," जयवंतीबाई म्हणाल्या.

पासिर रिसच्या सार्वजनिक तलावावर मोठ्या माणसांसाठी शनिवारी सकाळी क्लास असे. शिकवणारा कोच तान म्हणून एक रापलेला, गोलमटोल गृहस्थ होता. क्लासमध्ये पांडुरंगरावांखेरीज एक चिनी आजोबा आणि दोन तरुण मुली. तासाभरात त्या मुली पाय मारायला लागल्या, चिनी आजोबा फळी धरून अर्ध्यापर्यंत जाऊन आले. पांडुरंगराव मात्र कडेचा गज धरून उभे होते, ते तसेच. पाणी छातीपर्यंतच होतं, पण तेवढ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता.

"अंकल, रिलॅक्स," कोच म्हणाला. "हात सोडा. पाणी तुम्हाला धरतं. यू वर्क व्हॉट, अंकल?"

"मरीन इंजिनिअर. शिप्स."

कोच तान आधी थबकला, मग पोट धरून हसला. "अंकल, डोन्ट ब्लफ लाह!"

त्या हसण्यात खोच नव्हती, पण पांडुरंगरावांचे कान तापले. त्यांनी रागारागाने गज सोडला, पाणी नाकात गेलं आणि त्यांनी जो गज धरला तो तास संपेपर्यंत पुन्हा सोडला नाही.

दुसऱ्या शनिवारीही तेच. पाणी धरतं म्हणे! आयुष्यभर ज्याला पत्र्याबाहेर ठेवलं त्याच्या अंगावर मान टाकायची, हे मनाला पटलं तरी मानेला पटत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी ते निघाले तेव्हा जयवंतीबाईंनी हातात डबा दिला. "थालीपीठ आहे. तिथे यार्डात काही मिळत नाही म्हणता ना."

"हो, हो. आज जरा उशीरच होईल."

"होऊ दे की. तो टँकर मोठा दिसतोय."

पांडुरंगरावांना ते बोलणं जरा वेगळं वाटलं, पण बस यायची वेळ झाली होती.

त्या दिवशी कोचने त्यांना एकटंच कोपऱ्यात उभं केलं होतं आणि पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायचा गृहपाठ दिला होता. दोनदा बुडबुडे काढून ते दम घेत होते, तेव्हा पलीकडच्या लेनमध्ये एक बाई शिडीवरून उतरताना दिसल्या. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा निळा पोशाख, इथल्या मलय बायका पोहताना घालतात तसा, आणि डोक्याला घट्ट टोपी. बाई पाण्यात उतरल्या, हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि निघाल्या. डोकं पाण्याच्या वर, मान ताठ, हात लांबवर टाकत, पाण्याचा फारसा आवाज न करता. असं पोहणं या तलावावर कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या पार पलीकडच्या टोकाला गेल्या, वळल्या आणि तशाच संथपणे परत आल्या. बरोबर पांडुरंगरावांच्या समोर येऊन थांबल्या.

"ओव्हरटाइम कसा चाललाय?" बाईंनी विचारलं.

पांडुरंगरावांनी गज धरला. "जयवंती?"

"आवाज तरी ओळखलात."

"तू… तुला…"

"आधी श्वास घ्या. नाकाने नको, तोंडाने."

झालं होतं ते असं. खालच्या मजल्यावरच्या नीताचा मुलगा याच तलावावर शिकायला येत असे. लिफ्टमध्ये ती कौतुकाने म्हणाली होती, "काकू, काकांची खरंच कमाल आहे हो, या वयात शिकतायत!" जयवंतीबाईंनी "हो ना" म्हणून वेळ मारून नेली होती. मग एक दिवस टॅम्पिनीजच्या बाजारात जाऊन त्यांनी तो निळा पोशाख आणला आणि पांडुरंगराव कामावर गेल्यावर घरात घालून आरशासमोर उभ्या राहिल्या होत्या. बराच वेळ हसू आवरेना, असं त्यांनी नंतर सांगितलं.

पण त्या तलावात पांडुरंगरावांना नीताचं काही पडलेलं नव्हतं. "तुला पोहता येतं?"

"भिलवडीची आहे मी. आमच्या घाटावरची पोरं चालायच्या आधी पोहायची. थोरल्या काकांनी पाठीला सुकलेला भोपळा बांधला आणि दिलं ढकलून कृष्णेत. आठवडाभराने भोपळा सोडला, तर मला कळलंही नाही. चौथीत होते मी तेव्हा पलीकडच्या काठाला हात लावून यायची."

"आणि लग्नानंतर?"

"लग्नानंतर डोंबिवली. नळाला तासभर पाणी. पोहू कुठे, पिंपात?"

पांडुरंगरावांना हसू आलं, पण ते पुरतं उमटलं नाही. पस्तीस वर्षांचा संसार. या बाईच्या हातची चव त्यांना ठाऊक, तिचा गुडघा कुठल्या हवेत दुखतो ते ठाऊक, झोपेत ती कुठल्या कुशीवर वळते ते ठाऊक. आणि हे ठाऊक नव्हतं.

"बोलली नाहीस कधी," ते म्हणाले.

जयवंतीबाईंनी टोपीतून निसटलेली बट आत सारली. "तुम्ही घरी यायचात ते केप टाउन आणि पनामाच्या गोष्टी घेऊन. सगळी आळी जमायची ऐकायला. त्या एवढ्या मोठ्या समुद्रापुढे माझी नदी कुठे काढायची? म्हटलं, हसाल."

"मी?" पांडुरंगराव म्हणाले. "मला वाटायचं, तू हसशील. म्हणून मी…" त्यांनी गजाकडे बोट दाखवलं.

मग मात्र दोघांनाही हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की पांडुरंगरावांच्या हातून गज सुटला आणि ते कुणाचाही आधार न घेता छातीभर पाण्यात उभे आहेत हे आधी कोच तानच्याच लक्षात आलं. तो फळी घेऊन धावतच आला. "आंटी! व्हेअर यू लर्न?"

"रिव्हर," जयवंतीबाई म्हणाल्या.

कोचने दोन्ही हात वर केले. "ओके. अंकल, नाऊ शी इज युअर कोच."

आणि खरोखरच तसं झालं. एप्रिल आणि मे, दोन्ही महिने शनिवारी सकाळी दोघं तलावावर जाऊ लागली. कोच तान इतरांना शिकवता शिकवता कान इकडे ठेवून असे, कारण आंटीची शिकवण त्याच्या पुस्तकात कुठे नव्हती.

"अंग सैल सोडा. भिजलेलं धोतर कसं पसरतं पाण्यावर, तसं. तुम्ही वीट होऊन आलात तर विटेसारखेच खाली जाल."

"सोडतोय गं."

"कुठे सोडताय? खांदे बघा. नाव पांडुरंग आहे म्हणून जन्मभर विटेवर ताठ उभंच राहायचं असं कुणी सांगितलंय का?"

कोचच्या फोमच्या फळीवर जयवंतीबाईंचा राग होता. भोपळ्याची सर नाही म्हणायच्या याला. भोपळा पाठीवर असतो, दिसत नाही, म्हणून माणूस त्याला धरून बसत नाही. फळी समोर असते आणि माणूस तिच्यावरच लोंबकळतो. म्हणून त्यांनी फळी बाजूला ठेवली आणि पांडुरंगरावांना उताणं करून पाठीखाली स्वतःचा तळवा दिला.

ते दिवस पांडुरंगरावांना आवडायला लागले होते. पाण्यात पडून वर बघायचं. वर स्वच्छ आकाश, कडेला उंच इमारतीच्या खिडक्यांतून बांबूंवर वाळत घातलेले कपडे, आणि पाठीखाली तो ओळखीचा हात. एका शनिवारी ते असेच पडून होते आणि तक्रार करत होते, "जरा वर उचल की. कंबर खाली जातेय." उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी डोळे वळवले. जयवंतीबाई चार हातांवर उभ्या राहून दोन्ही हातांनी टोपी सारखी करत होत्या.

पाठीखाली कुणी नव्हतं. पांडुरंगराव तरंगत होते.

ही जाणीव झाली आणि ते तत्काळ बुडाले. पण खोकत वर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की कोच तानने लांबून टाळ्या वाजवल्या. "पुन्हा," ते म्हणाले. "पुन्हा एकदा."

मे संपता संपता त्यांना तरंगता येऊ लागलं आणि कसेबसे दहा-बारा हात मारता येऊ लागले. त्याच्या पुढे दम लागे. ऋताला खऱ्या समुद्रात शिकवणं काही यातून निघणार नव्हतं, हे उघड होतं.

"सांगून टाका तिला," जयवंतीबाई म्हणाल्या.

"रडेल गं."

"रडली तर रडली. तिथे जाऊन कळण्यापेक्षा बरं."

निघायच्या आधीच्या रविवारी शेवटची बैठक पुंगोलला मंदारच्या घरी झाली. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. भिंतभर रंगीत चौकटी: कुठे थांबून नाश्ता, कुठल्या दिवशी बाजार, कधी धबधबा. पहिल्याच सकाळच्या हिरव्या चौकटीत लिहिलं होतं, ‘समुद्रात पोहणं: बाबा आणि ऋता’. त्याच्या शेजारी पिवळ्यात, ‘आई: खुर्ची, छत्री, पुस्तक’.

"काही बदल?" मंदारने विचारलं.

पांडुरंगराव उठून उभे राहिले. यार्डात सगळ्यांसमोर बोलायची त्यांना सवय होती, पण इथे त्यांनी आधी टीव्हीकडे नुसतं बोट दाखवलं. "एकच आहे," ते म्हणाले. "तिथे आई आणि बाबा, या दोन नावांची अदलाबदल कर."

मंदारने दोनदा स्क्रीनकडे पाहिलं. "म्हणजे पुस्तक तुम्ही वाचणार?"

"आणि पोहायला शिकवणार तुझी सासू. मला येत नाही, मंदार. कधीच येत नव्हतं. आता थोडं थोडं येतं, तेही तिनेच शिकवलंय."

मग उत्कर्षा एकदम आईकडे वळली. "आई! तू मला स्विमिंगच्या क्लासला घातलंस आणि दोन वर्षं बाहेर बाकावर बसून राहायचीस!"

"मग काय साडी नेसून उतरू?"

"मी तुला सांगत होते, पाण्याजवळ जाऊ नकोस…"

"सांगत होतीस. मी ऐकून घेत होते."

ऋता मात्र आजोबांकडे बघत होती. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. "बट आय टोल्ड एव्हरीबडी," ती म्हणाली.

पांडुरंगराव तिच्यासमोर खाली बसले. हे बसणं त्यांच्या गुडघ्यांना मानवत नसे. "तुला वाटलं ते तू सांगितलंस, बाळा. त्यात खोटं काही नाही. मीच तुला आधी सांगायला हवं होतं. मला लाज वाटली."

"यू आर शाय?"

"हो. एवढं मोठं जहाज चालवायचं आणि पोहता येत नाही, म्हणजे काय."

ऋताने डोळे पुसले आणि विचार केला. विचार करताना ती कपाळाला अगदी तिच्या बापासारख्या आठ्या घालत असे. "आजोबा, यू आर व्हॉट लेव्हल नाऊ?"

"तुझी आजी म्हणते, बालवाडी."

"कॅन डू बबल्स?"

"येतात."

"कॅन किक विदाउट बोर्ड?"

"थोडंसं. मग बुडतो."

ऋताचा चेहरा हळूहळू फुलत गेला. "देन आय अ‍ॅम हायर दॅन यू! आय अ‍ॅम स्टेज वन ऑलरेडी!" ती उडी मारून उठली आणि तिने आजोबांच्या टकलावर हात ठेवला. "नेव्हर माइंड, आजोबा. आय लुक आफ्टर यू."

मंदारने चौकटी बदलल्या. हिरव्यात आता तीन नावं आली, आणि खुर्चीच्या चौकटीत काय लिहावं हे सुचेना म्हणून त्याने ती पुसूनच टाकली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते निघाले. मंदारच्या वेळापत्रकाचा फज्जा सीमेवरच्या रांगेत उडाला. पुढे गाडी पाम तेलाच्या बागांमधून तासन्‌तास गेली आणि मर्सिंगला पोचली तेव्हा जेवायची वेळ कधीच टळून गेली होती. घरमालकीण मकचिक रोहाना दारात उभ्याच होत्या. मकचिक म्हणजे आपल्याकडे मावशी म्हणतात तसं. त्यांनी पाहुण्यांना भात आणि तळलेली सुरमई वाढली, आणि ऋताला दोन घास खाऊ घालणं किती अवघड आहे हे एक नजर टाकून ओळखलं. खिडकीतून समुद्र दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात पहिल्या उतरल्या त्या जयवंतीबाई. निळा पोशाख, घट्ट टोपी. त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन कपाळाला लावलं, नदीत लावत तसं, आणि झपकन पुढे झाल्या. पुढच्या क्षणी एक लाट आली. फार मोठी नव्हती, पण जयवंतीबाईंना नदीची सवय. नदी एका दिशेने वाहते, सांगून येते. ही समोरून आली आणि तोंडावर फुटली.

त्या फेसातून वर आल्या त्या थुंकत. "अगं बाई! हे केवढं खारट आहे!"

काठावर सगळे बघतच राहिले. मग पांडुरंगरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. "तू समुद्रात कधी उतरली नाहीस?"

"कधी उतरणार? तुम्ही नेलंत का?"

नाही नेलं. ते खरंच होतं. जहाजावरच्या माणसाची बायको, आणि समुद्राला तिने आज पहिल्यांदा हात लावला होता. पांडुरंगराव पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. पोटऱ्या आवळल्या, त्यांनी आवळू दिल्या. "लाटेला तोंड देऊ नकोस," ते म्हणाले. "आडवी उभी राहा. अशी, खांदा पुढे करून. आत्ता भरती आहे, ती आपल्याला काठाकडेच ढकलेल. ओहोटी लागली की मी सांगेन, तेव्हा बाहेर यायचं." भरती-ओहोटीचं गणित त्यांना तोंडपाठ होतं, यार्डात जहाज आत घ्यायचं तर त्याच्याशिवाय पान हलत नसे.

त्या दोघांच्या मध्ये ऋता उभी राहिली. आजीने तिच्या पाठीखाली हात दिला. पहिल्याच प्रयत्नात ती तरंगली नाही, दुसऱ्यात आजीच्या मानेला लोंबकळली, आणि मग कधीतरी, दोन लाटांच्या मध्ये, पाण्यावर चादरीसारखी पसरली. मोठ्याने किंचाळली ती आनंदाने. उत्कर्षा काठावरून फोटो काढायचे विसरली आणि कपड्यांसकट आत आली.

"आजोबा, युअर टर्न!"

पांडुरंगराव उताणे झाले. कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. वर नुसतं आकाश, खालून समुद्र हळूच उचलत होता आणि ठेवत होता. त्यांनी डोळे मिटले. मग पाण्यातून, खूप लांबून, एक आवाज यायला लागला: टुक-टुक, टुक, टुक-टुक. मासे धरून परतणारी कुठलीशी होडी.

ते धडपडून उभे राहिले. सगळे घाबरले. "काय झालं? जेलीफिश?" मंदारने विचारलं.

"त्या होडीचा एक सिलिंडर नीट पेटत नाहीये," पांडुरंगराव म्हणाले. "इंजेक्टर बघायला पाहिजे त्याचा."

जयवंतीबाईंनी कपाळावर हात मारला. ऋताला काहीच कळलं नव्हतं, पण आजी हसतेय म्हणून तीही हसत सुटली, आणि हसता हसता तिने बरंचसं मर्सिंगचं पाणी गिळलं.

संध्याकाळी घरामागच्या नळावर पांडुरंगराव आणि जयवंतीबाई कपड्यांतली वाळू काढत होते. वाळू संपेचना. एकीकडून पिळावं तर दुसरीकडून निघे. पांडुरंगरावांनी निळ्या पोशाखाचं एक टोक धरलं, जयवंतीबाईंनी दुसरं, आणि दोघांनी मिळून तो पिळला.

"डिसेंबरात भिलवडीला जाऊ या का?" पांडुरंगराव म्हणाले.

जयवंतीबाई थांबल्या. "घाटावर?"

"मला तो काठ बघायचाय. पलीकडचा. जिथे हात लावून यायचीस तो."

"आता तिथे कुणी पोहत नाही फारसं. मगरी आल्यात म्हणे."

"मग लांबूनच दाखव."

पोशाख दोरीवर घालताना जयवंतीबाई गुणगुणत होत्या, आणि ते पांडुरंगरावांनी ऐकलं.

रात्री जेवताना मंदारने दुसऱ्या दिवशीच्या धबधब्याचा विषय काढला. ऋताने मान हलवली. उत्कर्षाने मान हलवली. मंदारने पांडुरंगरावांकडे मोठ्या आशेने पाहिलं, तर त्यांनीही मान हलवली. धबधबा रद्द झाला.

सकाळी सगळ्यांच्या आधी पांडुरंगराव उठले. टॉवेल खांद्यावर टाकून वाळूत जाऊन उभे राहिले. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, अशी त्यांना कोचची सक्त ताकीद होती, म्हणून पावलं भिजतील इतकेच पुढे गेले. पाणी शांत होतं, काठाकडे सरकत होतं. त्यांनी मागे वळून घराच्या खिडकीकडे बघत हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? चल लवकर! भरती आलीय!"